औषध चालू आहे, अंडी मिळणार नाहीत

मंडळी, आज सकाळी मी नेहमीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवलं.

माझ्या कोंबड्यांना सर्दी झालीय. नाकातून पाणी येतं, घसा घरघरतो. गुरांच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकची पावडर दिली. ती सगळ्यांच्याच पाण्यात घालावी लागते. डॉक्टरांनी बजावलं, "औषध अंड्यात उतरतं. मी सांगेपर्यंत अंडी खायची नाहीत आणि विकायचीही नाहीत."

उमेळ्याच्या एक ताई गरोदर सुनेसाठी गावठी अंडी न्यायला स्कूटरवरून आमच्या निर्मळला येतात. आज त्यांना मी कारण सांगितलं.

"अहो, उकडल्यावर कसलं औषध राहतंय?"

"राहतं, ताई. मीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं."

"मग बघते दुसरीकडे," म्हणत त्यांनी स्कूटर वळवली.

माझी जाऊ ओटीवरून ऐकत होती. म्हणाली, "सांगायचं कशाला? अंड्यावर काय लिहिलेलं असतं?"

लिहिलेलं नसतं, म्हणून तर सांगायला हवं.

आमचे हे होते तेव्हा कोंबड्यांचं सगळं तेच बघायचे. काही अडलं की अजून त्यांना हाक मारायला तोंड उघडतं. मग मी वाचते, विचारते आणि करते. आजची अंडी केळीच्या बुंध्याशी पुरली. उद्याचीही पुरेन.

फक्त, ताई जिथे गेल्या तिथे त्यांना कुणी खरं सांगेल का, हे डोक्यातून जात नाही. गावठी अंडी घेताना, कोंबड्यांना औषध चालू आहे का, असं तुम्ही कधी विचारता?