मायची फुकटची छत्री

मायला शहाद्याला आणलं तेव्हा टेम्पोत सामान असं फार नव्हतंच. एक पेटी, एक गादी, तिचा जुना डब्बा टीव्ही, त्याचा सेट-टॉप बॉक्स आणि सगळ्यांच्या वर दोरीने बांधलेली टीव्हीची छत्री. टेम्पोवाला म्हणाला, ताई, ही भंगारात टाका, तिकडे नवीन मिळते. मायने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडून शहादा येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

तिची अटच होती तशी. छत्री येईल तर मी येईन. सरकारी फुकटची छत्री ती, एकदा बसवली की महिन्याला काही भरावं लागत नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावातल्या घरावर स्वतः बसवली होती. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग त्यांनी छत्रीच्या मागच्या दांड्यावर आणि कड्यावर एकेक रेघ ओढून लावून ठेवला होता. वाऱ्याने छत्री हलली की वर चढायचं आणि लाल रेघेला रेघ जुळवायची, बस. आबा वरून ओरडायचे, "उनं का?" आलं का, असं. माय खालून उत्तर द्यायची, उनं, नाहीतर मुंग्या शेतस. मुंग्या आहेत, म्हणजे पडद्यावरची ती काळीपांढरी वळवळ; शब्द अँटेनाच्या काळातला, छत्री आल्यावर नुसतं चित्र गेलं तरी मुंग्याच म्हणायचे. आमच्या गल्लीत वारं सुटलं की घराघरांतून हेच ऐकू यायचं.

आबा गेले आणि माय घरात एकटी उरली. भाऊ सुरतला, मी शहाद्याला. दिवाळीनंतर ती न्हाणीत पडली. सकाळी पडली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच पडून होती, कारण घरातला टीव्ही चालू होता. शेजाऱ्यांना आवाज ऐकू येत होता. त्यांना वाटलं, म्हातारी मजेत बसून बघतेय. खुब्यात सळई घातली, तीन महिने झाले, ती काठी धरून चालायला लागली. दवाखान्यात मी तिला म्हणाले होते की त्या टीव्हीनेच घात केला. ती म्हणाली, त्या टीव्हीतली माणसं बोलत होती म्हणून तर मी राहिले.  

मी धडगावला एका सरकारी ऑफिसात कारकून आहे. सकाळी आठला जीप पकडते, घाट चढते, संध्याकाळी सातला परत. गावात मायजवळ राहायचं तर नोकरी सोडायची आणि नोकरी सोडली तर दोघींनी खायचं काय? तिला गावात एकटी ठेवायची तर पुन्हा न्हाणी, पुन्हा तेच. म्हणून तिला माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वर फक्त गच्ची. ती पलंगावर टेकली, भिंतींकडे पाहिलं आणि म्हणाली, "पंधरा दिवस देखसू. टीव्ही लागना ते ऱ्हासू, नहीते माले घर पोचाडी दे."

मला हसू आलं होतं. टीव्ही लागला तर राहणार, एवढंच ना, म्हटलं. टीव्ही लावायला कितीसा वेळ लागतो.

पण आमची बाल्कनी उत्तरेला. समोर सातपुडा दिसतो, फ्लॅट भाड्याने घेताना मीच त्यावर भाळले होते. छत्रीला मात्र सातपुड्याशी काही देणंघेणं नाही, तिला आग्नेयेला तोंड लागतं आणि त्या बाजूला माझ्या स्वयंपाकघराची भिंत. बाल्कनीच्या कठड्याला बांधून मी तिला इकडे फिरवली, तिकडे फिरवली, रविवार गेला. गच्चीवर लावू का म्हणून घरमालकाला विचारलं. त्याने नुकतंच गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं होतं, खिळा ठोकू देणार नाही म्हणाला. केबल घ्या, असंही वर सुचवलं. केबलचं मायजवळ नाव काढलं तर तिने तोंड फिरवलं. तिला तिची छत्री हवी होती.

मग मला अँटेना आठवला. भंगाराच्या दुकानातून जुना ॲल्युमिनियमचा अँटेना आणला, तोही रविवारीच. आपल्या लहानपणी टॉवरवरून फुकट दिसायचं ना, तेच दिसेल, एवढी माझी अक्कल. बाल्कनीत स्टुलावर उभी राहून तासभर तो अँटेना फिरवत होते. उनं का, उनं का करत घसा बसला. आतून माय सांगत होती, मुंग्या. दर वेळी तितक्याच शांतपणे, मुंग्या. खालचा एक माणूस स्कूटर थांबवून बघत उभा राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, ताई, तो टॉवर बंद होऊन वर्षं झाली, आता त्याच्यावर नुसता लाल दिवा लागतो. मी शिकलेली बाई, रोज सरकारी कागद हाताळते, आणि बंद टॉवरकडे काठ्या नाचवत होते. अँटेना तिथेच आपटला आणि न्हाणीत जाऊन रडले. लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. बारा दिवस झाले होते.

त्या दिवसांत मी ऑफिसातून येई तेव्हा माय टीव्हीसमोर बसलेली असे. टीव्ही चालू, आवाज बंद, पडद्यावर मुंग्या. दिवसभर ती तेच बघायची. शेजारी कोणाकडे जात नसे, कोणाशी बोलत नसे. गावात ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायची, कोणाची म्हैस व्याली, कोणाचा जावई आला, सगळं तिला आधी कळायचं. इथे ओटा नाही आणि येणारं-जाणारं कोणी नाही. जेवायला वाढलं की अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवायची. पंधरावा दिवस आला तेव्हा तिने पेटीला कुलूप लावून ठेवलं होतं. मी तिच्या पाया पडले. खरंच पडले. आणखी आठ दिवस दे म्हटलं. तिने दिले.

मग मी घरमालकाच्या बायकोला गाठलं. तिला रडत रडत सगळं सांगितलं, न्हाणीतलंसुद्धा. तिचे डोळे भरले. खिळा ठोकायचा नाही, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला बांधायची, एवढ्यावर तिने नवऱ्याला राजी केलं. छत्रीवाला आला. त्याने लाल रेघ पाहिली आणि विचारलं, हे कोणी केलं? वडिलांनी, म्हटलं. तो म्हणाला, तुमच्या गावात आणि इथे फारसा फरक नाही, माप बरोबर आहे. त्याने रेघेला रेघ जुळवली. नटाचा आटा झिजला होता म्हणून तारेने आवळलं आणि बजावलं की हाताने जोर लावला तर फिरेल, जपा. वायर टाकीवरून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली.

मी गच्चीच्या कडेला आले आणि ओरडले, "उनं का?"

खालून मायचा आवाज आला, खणखणीत. उनं. पूर्ण बिल्डिंगला ऐकू गेलं असेल. मी धावत खाली आले तर तिने टीव्हीला हळदकुंकू लावलं होतं आणि पदराने काच पुसत होती. त्या रात्री तिने पूर्ण भाकरी खाल्ली. मी म्हटलं, चला, सुटलो. तिने पेटीचं कुलूप काढलं, लुगडी कपाटात लावली. कपाटाचं दार लावताना ती जरा वेळ तिथेच उभी राहिली होती. मला ते तेव्हा काही वाटलं नाही.

अकरा दिवस टीव्ही छान चालला. मग एक दिवस घरी आले तर मुंग्या. वारं आलं असेल म्हणून वर गेले. छत्री चांगलीच फिरलेली, तोंड थेट टाकीकडे. जुळवली, आलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग एक दिवसाआड. चैत्र चालू होता, गच्चीवर बिल्डिंगमधल्या बायकांनी बिबड्या घातलेल्या, ज्वारीचे ते पापड खाटांवर, साड्यांवर, जागा मिळेल तिथे. छत्रीची सावली दुपारी बरोबर त्यांच्या खाटेवर पडायची. मला सगळा हिशोब लागला. पापड वाळावेत म्हणून बाया छत्री फिरवतात आणि माझी म्हातारी खाली मुंग्या बघते.

मायला विचारलं तर ती म्हणाली, मला काय माहीत. आणि मग, टीव्ही लागल्यापासून पहिल्यांदाच, आता घरी नेतेस का?

शनिवारी मला सुट्टी होती. पाचव्यांदा छत्री फिरलेली. मी वर गेले आणि ज्या तीन बाया बिबड्या उलटत होत्या त्यांना तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या पापडांपायी एक म्हातारी मरतेय, तुम्हाला पोरंबाळं आहेत की नाहीत, तुमच्या आया अशाच खितपत पडतील. हे शेवटचं बोलायला नको होतं. त्यांत घरमालकाची बायकोही होती, जिने छत्रीसाठी नवऱ्याशी भांडण केलं होतं.  तिघी नुसत्या खाली बघत राहिल्या. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून मान खाली. मी एका खाटेला लाथ मारली. बिबड्या खाली पडल्या, मोडल्या. तो मोडण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

संध्याकाळी घरमालकाची बायको दारात आली. माय आत झोपली होती. बाई दार ओढून घेत हळूच म्हणाली, "ताई, आम्ही नही फिरावतस. तुन्ही माय फिरावस."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. दुपारी माय काठी टेकत, कठडा धरत, एकेका पायरीवर बसत गच्चीवर येते. टाकीशी जाते आणि दोन्ही हातांनी छत्री ढकलते. पहिल्या दिवशी बायांना वाटलं, म्हातारी सावली बाजूला करतेय, आपले पापड वाळावेत म्हणून. तिला उतरता येईना तेव्हा दोघींनी काखेत हात घालून खाली आणलं. दुसऱ्या वेळी विचारलं तर तिने हात जोडले, पोरीला सांगू नका. तेव्हापासून त्या रोज दुपारी तिची वाट बघत वर थांबायच्या, ती पडू नये म्हणून. आज मी एवढं बोलले तरी त्यांनी शब्द पाळला. पण उद्या ती पडली तर पाप आपल्या माथी नको, म्हणून ती आली होती.

मी दार लावून आत आले. माय झोपलेली नव्हती. सगळं ऐकलं होतं तिने. मी तिच्याजवळ बसले. ओरडायचं होतं, पण दुपारीच सगळं ओरडून झालं होतं. मी एवढंच म्हणाले, माय, का गं?

ती छताकडे बघत म्हणाली, "टीव्ही लागी गया ना बाई. आते घर ली चाल कशी म्हनू?"

तिने अट घातली तेव्हा तिची खात्री होती की टीव्ही लागणार नाही. तिसरा मजला, परका गाव, दुसऱ्याची गच्ची, कुठून लागायला? पंधरा दिवसांनी लेक आपोआप घरी पोचवेल, लेकीला वाईटही वाटणार नाही. आणि मी भंगाराचा अँटेना आणला, तिच्या पाया पडले, परक्या बाईपुढे रडले आणि टीव्ही लावून दाखवला. तिच्या शब्दात तिलाच कोंडलं. मग तिने आबांनी जुळवलेली रेघ स्वतःच्या हाताने मोडायला सुरुवात केली.

मी तिला घरी नेऊ शकत नव्हते. हे तिलाही ठाऊक होतं. मी म्हटलंही, तिथे पुन्हा पडलीस तर? ती म्हणाली, पडेन. बस, एवढंच.  मला तिचा राग आला, भावाचा आला, आबा मेले म्हणून त्यांचाही आला. सगळ्यात जास्त माझा आला, कारण मी काय करणार आहे हे मला माहीत होतं.

रविवारी सकाळी आधी तिघींच्या दारात जाऊन माफी मागितली. एकीने चहा दिला, तोच जास्त लागला. मग पाना आणि नवा नट घेऊन गच्चीवर गेले. लाल रेघेला रेघ जुळवली आणि अंगातला सगळा जोर लावून नट आवळला, इतका की आता ती छत्री म्हाताऱ्या हातांनी काय, माझ्याही हातांनी फिरायची नाही. कडेला येऊन ओरडले, उनं का?

खालून काही आलं नाही. पुन्हा ओरडले. मग वाटलं, जुळलं नसेल, आणि छत्रीकडे गेले, तर रेघ रेघेवर बरोबर बसलेली. पुन्हा कडेला येऊन हाक मारली. खालच्या मजल्यावरची बाई बाल्कनीत येऊन वर बघायला लागली. मायचा आवाज आला नाही.

पाना हातात तसाच घेऊन मी पायऱ्या उतरले. दार ढकललं. माय टीव्हीसमोर बसली होती, हात मांडीवर; माझ्याकडे एकदा बघून ती पुन्हा पडद्याकडे वळली. सकाळचं भजन चालू होतं, चित्र लख्ख, एकही मुंगी नाही.