पोपडा निघेपर्यंत

आमच्या अप्पांना जुनं झालेलं काही बघवत नसे. तहसील कचेरीतून रिटायर होऊन त्यांनी नौबादला घर केलं. तेव्हापासून दर दिवाळीला दारं, खिडक्या, ट्रंका, बाजांचे पाय, सगळ्यांवर हिरव्या तेलरंगाचा हात फिरायचा. आई मला म्हणायची, "एका जागी उभारू नको, तुलाबी रंगवतेल."

आणि मी, हैदराबादेत चित्रकला शिकून आलेला त्यांचा मुलगा, शाळेत ड्रॉइंग मास्तर, नेमकं जुनं होण्याचंच चित्र काढत होतो. पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. एका सागवानी फळीवर चुना, गेरू, काजळी, सरस यांचे थर द्यायचे, उन्हात तडकू द्यायचे, नखानं उचकटायचे. त्यात माणूस नाही, झाड नाही, नुसता निघून गेलेला काळ. हैदराबादच्या प्रदर्शनात ते लागावं असं वाटायचं. त्याहून जास्त वाटायचं की अप्पांनी एकदा तरी त्याच्यापुढे थांबावं. ते मान फिरवून पुढे जायचे.

परीक्षेच्या कामाला मी भालकीला गेलो. परत आलो तर फळी हिरवीगार! वरवर खरवडून तिला रंगाचे दोन हात दिलेले.

"अप्पा, हे काय केलं तुम्ही?"

"कामून? समदे पोपडे निघाले होते. म्हटलं पोरगं कामात हाय, आपणच करून ठेवावं."

मी मास्तर माणूस, पण अंगणात बसून चक्क रडलो. "मला पोपडेच पाहिजे होते" एवढंच बोलता आलं. अप्पांचं तोंड उतरलं. जरा वेळानं त्यांनी फळी उचलली आणि न्हाणीच्या भिंतीला, जिथं पाणीही उडतं आणि ऊनही लागतं, तिथं उभी केली.

"थांब. येतेल पोपडे," ते म्हणाले. "पण रंग मी दिलेला हाय. येळ लागंल."

मग रोज सकाळी हातात तांब्या घेऊन ते फळीला नाक लावून बघायचे. "आज बी न्हाई," असं मला सांगताना त्यांना वाईटही वाटायचं आणि रंगाचा अभिमानही लपायचा नाही. प्रदर्शन होऊन गेलं.

पुढच्या पावसाळ्यात एक कोपरा उकलला. आतला गेरू दिसू लागला. अप्पांनी मला हाताला धरून तिथं नेलं. आम्ही दोघं कितीतरी वेळ उभे होतो.

"चांगलं दिसायलंय रे," ते म्हणाले.

मला फार आनंद झाला. त्यांच्याकडे बघितलं तर ब्रशकडे जाऊ नयेत म्हणून त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे गच्च धरून ठेवले होते.