कोरडा कापूस परत

दिग्रसच्या बसस्टँडसमोर दीपाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले, सगळे तिच्याकडूनच प्रोग्राम करून घेतात आणि सगळे तिच्या नावानं कुरकुरतात. एक रकाना चुकीचा भरला की तिचा प्रोग्राम जागच्या जागी अडून बसतो. काय चुकलं ते लाल अक्षरांत सांगतो आणि दुरुस्त केल्याशिवाय पुढं सरकत नाही. लोक म्हणतात, दीपाबाईचा प्रोग्राम म्हणजे खाष्ट सासू. म्हणोत बापडे! तिच्यावर काय गुदरलं ते ठाऊक असतं तर जीभ जरा आवरली असती.

ती मूळची बाभुळगावची. यवतमाळला इंजिनिअरिंगला असताना अमर तिच्या वर्गात होता. एका डब्यात जेवायचे, एकमेकांच्या घरी जायचे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत हा निळा फेटा बांधून तिच्या भावांसोबत नाचला होता. गावानं नाही नाही ते जोडलं, गावाला दुसरं काम काय? पण तसं काही नव्हतं. दोस्ती होती, आणि दीपाला त्याहून मोठं काही वाटत नव्हतं.

पुढं अमर पुण्याला गेला. तिथं त्यानं एक लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे हो. प्रोग्राम लिहिणारे लोक तयार कोडाचं एक गाठोडं करतात, ज्याला हवं त्यानं आपल्या प्रोग्रामला जोडावं, त्याला लायब्ररी म्हणतात. अमरच्या लायब्ररीचं काम एकच: प्रोग्रामचं सेटिंग वाचायचं आणि ते ठीक आहे का पाहायचं. दीपानं तेव्हाच त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की चुकीचा आकडा आला तर प्रोग्राम सुरूच होता कामा नये. बोंब मारायची, गप्प बसायचं नाही. त्यानं हातावर हात मारून शब्द दिला.

त्या भरवशावर तिनं कापूस खरेदी केंद्राचा प्रोग्राम केला. बोंडअळीची वर्षं होती ती. बोंडं किडलेली, भाव पडलेला, लोकांना केंद्राचाच काय तो आधार. केंद्रावर कापसाचा ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पुरा भाव, त्यापुढं बारापर्यंत थोडी कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. बाजारात सगळे याला ‘आठ-बारा’च म्हणतात. प्रोग्रामला मात्र वरची मर्यादा म्हणून एकच आकडा हवा होता, बारा.

हे रकाने दर हंगामात नव्यानं भरायचे. पहिल्या हंगामात केंद्रावर कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुलसिंगनं सवयीनं रकान्यात 8-12 लिहिलं. प्रोग्राम अडला, ‘इथे एकच आकडा लिहा’ म्हणाला. फुलसिंगनं बारा केले, हंगाम सुखानं गेला. दुसऱ्या हंगामाआधी अमरनं लायब्ररीची नवी आवृत्ती पाठवली. दीपानं ती डोळे झाकून बसवली. मित्राच्या हातचं पाणी कुणी गाळून पितं का?

हंगाम सुरू झाला आणि गाड्या परत जाऊ लागल्या. अवकाळी पावसानं कापूस भिजला असेल, असं जो तो म्हणाला.

त्यात हंसाबाईची गाडी होती. बाई जवळच्या तांड्यावरची. दीपा स्वतः तिच्या दारी जाऊन सांगून आली होती, की फाटकावरच्या व्यापाऱ्याला कापूस देऊ नका, केंद्रावर आणा, तिथं कुणाची मर्जी चालत नाही. त्या शब्दावर हंसाबाईनं घरात भरलेला कापूस पुन्हा अंगणात काढून वाळवला. पडद्यावर ओलाव्याचा आकडा दिसत नसे, नुसतं आलं, ‘परत’. बाई भडकली. मूठभर कापूस दीपाच्या हातात कोंबला आणि म्हणाली, सांग, हा ओला हाय का? हाताला तर कोरडा लागत होता. पण सेटिंग चुकलं असतं तर प्रोग्राम सुरूच झाला नसता, अमरचा पहारा होता ना! रांगेतल्या साऱ्यांसमोर दीपा म्हणाली, “मावशी, मशीन खोटं नाही बोलत. कापूस ओलाच हाय तुमचा.”

हंसाबाईनं फाटकावर व्यापारी म्हणेल त्या भावात गाडी रिकामी केली.

दीपाच्या हातातून तो कापूस काही जाईना. शेवटी तिनं सेटिंग उघडलं. रकान्यात 8-12. फुलसिंगला विचारलं तर तो बिचारा म्हणाला, मागच्या सालीही हेच लिहिलं होतं, तेव्हा कॉम्प्युटरनं टोकलं. औंदा टोकलं नाही, मले वाटलं बरोबर असंल. दीपानं लायब्ररीचा कोड उघडला. अमरनं पहारा काढून टाकला होता. न समजणारं काही आलं की त्यातला पहिला आकडा उचलायचा आणि बाकीचं गिळून टाकायचं. आठ उचलले, बारा गिळले, आणि आठाच्या वरची प्रत्येक गाडी परत.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तिनं फोन लावला. अमर शांतपणे म्हणाला, सारखं अडतं म्हणून गिऱ्हाईकं वैतागली होती.

“मले सांगितलं काहून नाही?”

“त्यात सांगायचं काय? प्रोग्राम तर चालू राहिला ना?”

“चालला कुठं, अमर? लोकायले हाकलत राह्यला.”

तो म्हणाला, काळजी करू नको, मी पाहून घेतो. आणि पाहून घेतलंच पठ्ठ्यानं. केंद्रप्रमुखांना फोन करून सांगितलं, की लायब्ररीत काही दोष नाही, दीपानंच नीट तपासलं नाही. ज्या तोंडानं तिच्या आईच्या हातची भाकर मागून खाल्ली, त्याच तोंडानं! केंद्रप्रमुख दीपाला म्हणाले, तुमच्यावर नको असेल तर फुलसिंगवर टाका आणि मिटवा. दीपानं साफ नाही सांगितलं. तिचं काम गेलं.

दुसऱ्याच दिवशी ती तांड्यावर गेली. हंसाबाई कमरेला ओटी बांधून वेचणीला निघाली होती. दीपानं सगळं सांगितलं: कापूस कोरडा होता, मशीन चुकलं, अमरनं दगा दिला, तिला कळूही दिलं नाही. सांगता सांगता रडू आलं. हंसाबाईनं तिला गडवाभर पाणी दिलं, ती पिऊन होईपर्यंत थांबली.

“तुले त्यानं दगा देला असंल, बाई. मी त्याले कायले ओळखू? मी त तुह्या भरोशावर गाडी भरली होती.”

एवढं बोलून तिनं रिकामा गडवा उचलला, दार लोटलं आणि वावराकडं निघून गेली.