मुकी टाईल

नव्वदच्या आसपास आमची पाणबुडी ड्राय डॉकमध्ये होती. मी पेटी ऑफिसर, गाव जळगाव, राहणार पिंप्राळा. माझ्या हाताखाली लीडिंग सीमन रघुनाथ, शिरपूरजवळच्या कुंभाराचा मुलगा. अख्ख्या बोटीवर खानदेशातले आम्ही दोघेच. तो मला चारचौघांतही ‘भाऊ’ म्हणायचा. मी रागवायचो, पण मनातून बरं वाटायचं.

काम होतं रबराच्या टाईल्स चिकटवण्याचं. शत्रूचं सोनार पाण्यात आवाज सोडतं. तो आपल्या हलच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, पोलादावर आपटून परत गेला की पाणबुडी सापडली. रबर तो आवाज गिळून टाकतं. पण खाली हवा राहिली तर पुढे टाईल सुटते. म्हणून प्रत्येक टाईल लाकडी हातोडीने ठोकून बघायची; पोकळ वाजली तर काढायची, मुकी राहिली तर खडूने खूण करायची.

रघुनाथला बापाचा कान मिळाला होता. म्हणायचा, "मडकं बोललं तर पास, टाईल बोलली तर नापास."

डॉकमध्ये पाणी सोडायच्या आदल्या दुपारी शेवटच्या रांगेत तो थांबला.

"भाऊ, ही बोली ऱ्हायनी."

मी ठोकली. मला काही ती बोलतेय असं वाटलं नाही.

"काढू नि परत लावू," तो म्हणाला.

"चार तास जातील. साहेब दोनदा विचारून गेलेत."

"पन बोली ऱ्हायनी ती."

"बोलू दे एखादीला," मी म्हणालो आणि खूण स्वतः केली. ‘अति घाई संकटात नेई’ हे ट्रकच्या पाठीवर वाचत मी लहानाचा मोठा झालो. अक्कल मात्र गहाण टाकलेली.

तिसऱ्या आठवड्यात समुद्रात सराव होता. सकाळी साडेनऊला इंटरकॉम वाजला.

"कंट्रोल, सोनार. ठोके ऐकू येतायत. आपल्याच हलवरून."

वेग वाढला की ठोकेही वाढत. कॅप्टननी बोट वर घेतली. सुटलेली टाईल कापायला कुणीतरी पाण्यात उतरायला हवं होतं. रघुनाथने डायव्हिंगचा कोर्स केला होता.

"सर, कोणती ते मला माहीत आहे."

खूण कोणाची, हे तो बोलला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

दहा दहाला तो उतरला. त्याच्या कमरेला बांधलेली लाईन माझ्या हातात होती. काम झालं की दोन झटके द्यायचे, असं ठरलं होतं. दोन झटके आले. मी ओढायला लागलो, तेवढ्यात लाटेने त्याला उचलून हलवर आपटलं. वर घेतला तेव्हा श्वास नव्हता. दहा चाळीसला मेडिकल असिस्टंटने हात थांबवले.

आम्ही बंदराकडे निघालो. वेग वाढवला.

"कंट्रोल, सोनार. ठोके बंद."

चौकशीत खडूच्या खुणेबद्दल कुणी विचारलं नाही. टाईल तर समुद्राच्या तळाशी गेली होती.

त्याची ट्रंक मीच त्याच्या गावी नेली. रजेत त्याच्याबरोबर तिथे दोनदा राहून आलो होतो. आबा, म्हणजे त्याचे वडील, चाकापाशी बसले होते.

"मना आंडोर कसा गया, भाऊ?"

"तुमचा मुलगा ड्युटीवर गेला, आबा. बाकी गोपनीय आहे."

"तुना आवाज बदलेल शे," ते म्हणाले. "तडकेल मडकानागत."

मला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. मी सॅल्यूट करून एसटी पकडली.

पेन्शनीत निघाल्यावर पुन्हा गेलो. समोर बसून सगळं सांगितलं. टाईल, खूण, माझं ते ‘बोलू दे’. आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग भट्टीतलं एक मडकं उचलून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं.

"माले आते ऐकू येत नही, भाऊ. पयले रघु देखे. तू वाजाडी देख."

मी बोटाने वाजवलं. ठीक वाटलं. पुन्हा वाजवलं. बद्द आवाज आला.

"बोलनं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी मडकं घेतलं आणि खापरांच्या ढिगात टाकलं.

रघुनाथला एका ठोक्यात कळलं असतं.