तीर्थाला घासलेटचा वास

राजापेठेत सत्यवतीला सगळे ‘उकळबाई’ म्हणत. म्हणोत बापडे! पाणी उकळल्याशिवाय ही बाई घरात कुणाच्या ओठाला लागू देत नसे. तिवशाकडच्या शेतकऱ्याची लेक, खुशालराव मास्तरांची बायको आणि तोंडाची फटकळ. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात तिची धाकटी तारा मुदतीच्या तापातून कशीबशी उठली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा ताप पाण्यातून येतो, पुन्हा आला तर पोर हाती लागायची नाही.

झालं! सत्यवती घरमालक मोरोपंतांच्या हात धुऊन मागे लागली. वाड्यातल्या विहिरीत जंतू मारायचं लाल औषध टाका, तिच्या काठाजवळून जाणारी आमची फुटकी मोरी बांधून घ्या. मोरोपंत भिक्षुकी करणारे, सोवळ्याचे कडक. “आमच्या विहिरीचं पाणी देवाला चालतं. तुम्हाला चालत नसेल तर दुसरं घर बघा,” म्हणाले. माणूस वाईट नव्हता हो. तारावर तर भारी जीव. रोज पूजा झाली की तीर्थाची पहिली पळी तिच्या तळहातावर. आता तीर्थ कोण उकळतं? ते तिच्या आईच्याही ध्यानात आलं नव्हतं.

एका संध्याकाळी कंदील भरताना सत्यवतीच्या हातून मोरीत घासलेट सांडलं. सकाळी देवघरातून मोरोपंत गरजले, “विहिरीत घासलेट कोणी ओतलं? देवाच्या अंगाला वास येतोय.”

भाकर तव्यावर टाकून सत्यवती धावली. अंगात नुसतं वारं संचारलं होतं. “विहिरीत नाई पंत, माह्या मोरीत सांडलं.”

“मोरी कुठं, विहीर कुठं! काहीतरी बोलू नका.”

“मंग विहीर उपसून घ्या, वरच्या जाळीले कुलूप लावा. तुमच्यासमोर मोरीत पुन्हा ओतते. वास नाई आला तर बिऱ्हाड उचलतो आमी.”

मास्तरांनी कपाळावर हात मारला. भाड्याचं घर मिळवायला तेव्हा जोडे झिजत. पण ही ऐकते थोडीच? विहीर उपसली, नवं पाणी आलं, वास गेला. मोरोपंतांनी कुलूप घालून चावी जानव्याला बांधली आणि सत्यवतीनं त्यांच्यादेखत बाटली मोरीत रिकामी केली.

सकाळी सगळे भाडेकरू विहिरीभोवती जमले. मोरोपंतांनी स्वतः घागर ओढली. पाण्यावर हा मोरपंखी तवंग! घर राहिलं, पोरीचं पाणी सुधारणार, सत्यवतीला आनंदानं काय करू न् काय नको असं झालं. तेवढ्यात तारा डोळे चोळत आली आणि रोजच्यासारखी मोरोपंतांपुढे ओंजळ धरून उभी राहिली.

“आबा, तीर्थ.”

सत्यवतीनं पोरीला मागे ओढलं. मोरोपंतांनी त्या इवल्या हाताकडे पाहिलं, मग घागरीकडे. “म्हणजे रोज मीच हिला...” एवढंच बोलले आणि ओट्यावर बसले. डोळे भरून आले होते.

दुपारी गवंडी आला, लाल औषधही आलं. पण त्याआधी, भाडेकरूच्या हातचा पाण्याचा थेंब कधी न घेतलेले मोरोपंत सोवळ्यानंच सत्यवतीच्या चुलीपुढे आले. हातात पूजेचा तांब्या.

“सत्यवतीबाई, देवासाठी तुमच्याकडचं उकळलेलं पाणी द्या,” ते म्हणाले. “जरा निववून द्या. बाळकृष्णाला चटका बसेल.”