पालेभाजी निथळायचं भांडं

धुतलेल्या पालेभाजीतलं पाणी गरागरा फिरवून काढणारं भांडं मी दुकानात झाकणावरचा दट्ट्या तळहाताने दाबून बघत होते. शेजारी उभी असलेली आई माझ्याकडे संशयाने पाहत होती.

"कुणासाठी घेतेस?"

"माझ्यासाठी."

"तू कधीपासून कोथिंबीर निवडायला लागलीस?"

मी झाकण उघडून आतली जाळी बघितली. गेल्या आठवड्यात तिच्या फ्रिजमधल्या डब्यात ओली, सडलेली कोथिंबीर मला दिसली होती. धुतलेली भाजी फडक्यात बांधून पिळायला तिच्या बोटांत आता जोर उरलेला नाही. पण ते बोलायचं कुणी? उतारवयात घरात येणारी प्रत्येक नवी सोय आपली चहाडी करायलाच आलीय, असं माणसाला वाटत असावं.

आईने ते भांडं ओढून घेतलं, दोनदा दाबलं आणि दुकानदाराला म्हणाली, "हे सरकतंय. खाली रबर असलेलं दाखवा."