हौसाचं बसकर

कापडे गावच्या बाई आमच्याकडे शिकवायला आल्या की आधी जमिनीवर दोन बसकरं टाकायच्या. गोणपाटाची, हातभर लांबीची, स्वतःच्या पिशवीतून आणलेली. एकावर माझी जुई बसायची, दुसरं रिकामं राहायचं. माझ्या सासूबाई एकदा गुडघे धरत त्यावर टेकायला गेल्या, तर बाई म्हणाल्या, "तिथं नको. तिथं हौसा बसते." आमच्या घरात हौसा नावाचं कोणीही नव्हतं. सासूबाई उठल्या आणि बाई गेल्यावर त्यांनी घरभर धूप फिरवला.

जुई तेव्हा आठ वर्षांची होती आणि बाहेरच्या कुणाशी बोलत नव्हती. घरात अखंड बडबड, उंबऱ्याबाहेर तोंडाला कुलूप. शाळेत वर्षभर मुकी बसून राहिली. रोज सकाळी पोटात दुखायचं. शेवटी आम्ही शाळेतून तिचं नाव काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. महाडसारख्या गावात असली गोष्ट लपत नाही. नवऱ्याच्या औषधांच्या दुकानात लोक खोकल्याचं औषध न्यायचे आणि सल्ला ठेवून जायचे. मी बी.एस्सी. झालेली, तिसरीचं शिकवायला काय लागतं, असा माझा तोरा. महिनाभरात माझा आवाज मागच्या गल्लीत ऐकू जायला लागला. तेव्हा दुकानातल्याच एका गिऱ्हाइकाने बाईंचं नाव सुचवलं. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर सगळी नोकरी केलेल्या, आता कापड्याला एकट्या राहणाऱ्या. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या एसटीने यायच्या. त्या जुईला शिकवायला येतात असं मला वाटत होतं. त्या मला शिकवायला येत होत्या, हे फार उशिरा कळलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवरचं माझं वेळापत्रक पाहिलं. आठ तास, चार रंग, मधली सुट्टी, मोबाईलवर घंटा. "एवढं तर मी पगार घेऊन पण नाय केलं," त्या म्हणाल्या. "घरची शाळा दीड तासाची गो. उरलेला दिवस तिला तुझ्या पाठी फिरू दे." मला मनातून राग आला, पण वेळापत्रक उतरवलं. जुई तांदूळ मोजता मोजता पाव-अर्धा शिकली आणि दुकानात खोकी लावताना कठीण कठीण नावं वाचू लागली. चूक दिसली की माझा हात खोडरबराकडे जायचा. बाई तो हात धरायच्या. "राहू दे. उद्या तिची तिलाच दिसेल." बहुतेक वेळा दिसायची. आणि एक गोष्ट त्या पुन्हापुन्हा बजावायच्या, "तुला राग आला तर तू ऊठ, पाणी पिऊन ये. तिला उठवू नको."

शिकवण्याआधी हजेरी व्हायची. एकाच मुलीची, तरी हजेरी. बाई लाल पुठ्ठ्याची जुनी वही उघडून म्हणायच्या, "जुई." जुई नुसती मान हलवायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "तोंडाने बोल की." बाई म्हणायच्या, "घाई नाय. मी थांबते." मग दुसरं नाव. "हौसा." आणि दाराकडे बघत त्या खरोखरच थांबायच्या. भरदुपारी माझ्या अंगावर काटा यायचा. मीही दाराकडे बघायचे. जुईही बघायची, ते मला जास्त झोंबायचं. मी नवऱ्याला म्हटलं, हे बंद करायला सांगा. तो म्हणाला, "पोरीचं पोट दुखायचं थांबलंय. तू सांग बाईंना, माझी हिंमत नाही." माझीही झाली नाही.

एका शुक्रवारी शिकवणी चालू असतानाच नवऱ्याची मावसबहीण आली. मुंबईहून वीर स्टेशनला उतरून थेट रिक्षाने, न कळवता. मला पुढचं सगळं दिसायला लागलं. ही जुईला काहीतरी विचारणार, जुई मुकी उभी राहणार, मग हिचा तो सुस्कारा. मी जुईच्या कानात म्हटलं, "तू जरा आत जा." ती उठून गेली. पाहुणी तासाभराने गेली. मग बाई माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या.

"मी पण पाठवली होती एकीला," त्या म्हणाल्या. "नवीन होते नोकरीत. साहेब तपासणीला येणार होते. बाकीची पोरं धडाधड वाचायची, हौसाला अक्षर लागत नव्हतं. आदल्या दिवशी तिला सांगितलं, उद्या घरीच राहा. माझ्या वर्गाला उत्तम शेरा मिळाला. पण ती परवा पण नाय आली, तेरवा पण नाय. चौथ्या दिवशी वाडीवर चढून गेले, तर दार दोरीने बांधलेलं. सगळी वीटभट्टीवर गेलेली. हौसाला शाळेसाठी खालच्या घरी आजीजवळ ठेवणार होते. शेजारीण म्हणाली, पोरच सांगत होती, बाईंनीच घरी राहा म्हटलंय. मग तिला पण नेली."

"पावसाआधी परत आले असतील ना?"

"नाय. दुसऱ्या पावसात त्यांचं छप्पर बसलं." बाईंनी ओट्यावरची माझी वाटी उगीचच सरळ केली. "एका दिवसासाठी सांगितलेलं गो मी. तिला काय ठाऊक."

जुई दाराआड उभी होती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मंगळवारी पुन्हा हजेरी झाली. "जुई." मान हलली. "हौसा." बाई थांबल्या.

"नाय आली, बाई," जुई म्हणाली.

बाहेरच्या माणसाशी ती बोललेले हे पहिले शब्द. मी कणकेने भरलेले हात तसेच घेऊन दारात आले. बाईंनी वहीवरची नजर वर केली नाही. तशाच म्हणाल्या, "भेटली तर सांग तिला. म्हणावं, बाई बोलवतात."

"सांगते," जुई म्हणाली.

आता जुई दुकानात गिऱ्हाइकांशी हुज्जतसुद्धा घालते. मुलांना घरी शिकवू पाहणारे आईबाप मला फोन करतात, कुठली पुस्तकं घ्यावीत म्हणून विचारतात. मी त्यांना दीड तासाचं सांगते, खोडरबराचं सांगते, जमेल हो, घाबरू नका म्हणते. पाहुणे आले म्हणून मुलाला आत पाठवू नका, हेही सांगते. का, ते सांगत नाही. पण एकटी असले की मला ती दाराशी बांधलेली दोरी दिसते. मी ती कधी पाहिलेली नाही.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत एका शुक्रवारी बाई आल्या नाहीत. फोन उचलेनात, म्हणून नवरा मोटरसायकलने कापड्याला गेला. बाई सकाळीच वारल्या होत्या. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. त्यांच्या पुतण्याने ती आमच्याकडेच दिली.

पुढच्या मंगळवारी जुईने ती उघडली. दोन बसकरं टाकली आणि शेजारी माझ्या जुन्या टॉवेलची घडी घालून तिसरं केलं. मला पहिल्यावर बसवलं, स्वतः बाईंच्या जागी बसली आणि लाल वही उघडली.

"आई."

"हजर."

"हौसा."

"नाय आली," मी म्हणाले.

"बाई."

मला तेच दोन शब्द पुन्हा म्हणायचे होते. मी नुसती मान हलवली. जुईने वही मिटली नाही. तिने एकदा दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घाई नाय," ती म्हणाली. "मी थांबते."